सोशिक

मारुती आठशे ही गाडी आता रस्त्यावर क्वचितच दिसते. १९८३ च्या डिसेंबरात ती प्रथम लोकांच्या हाती आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत माझ्यासारख्या कितीतरी मास्तरांना तिने मोटारवाले केले. आमची गाडी १९९८ सालची. पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी तिला सरकारदरबारी उभी करून ती अजून धडधाकट आहे असा दाखला मिळवावा लागतो, आणि तो तिला आजवर मिळत आला आहे. माझ्या मुलीच्या मते ती भंगार आहे. पत्नीच्या मते ती माझी दुसरी शाळा आहे. कारण पदार्थविज्ञानाचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून शिकवण्याची हौस मी तिच्यावरच भागवतो.

यंदा भाद्रपदात तिच्या पुढच्या चाकांतून खडखड ऐकू येऊ लागली. वस्तुतः ती बरेच दिवस येत असली पाहिजे. मला ती यंदा ऐकू आली, एवढेच. गणपतीसाठी पुण्याहून आलेला माझा पुतण्या शेजारी बसला होता. पोवई नाक्याजवळच्या गतिरोधकावरून गाडी उतरली तशी तो म्हणाला, "काका, पुढचे शॉकप गेलेत."

"गेले? अहो, गाडी चालते आहे की!" थट्टेच्या सुरात मी त्याला अहोजाहो करतो.

"चालते. पण घरी गेल्यावर बघा."

घरी आल्यावर त्याने गाडीचा पुढचा उजवा कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडून दिला. शॉकप शाबूत असता तर तो कोपरा एकदा वर येऊन गप्प झाला असता. आमचा कोपरा वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला, आणि एखादा म्हातारा मान डोलवीत बसतो तसा आणखी थोडा वेळ डोलत राहिला. ज्याने तीस वर्षे फळ्यावर अवमंदित दोलनाचा आलेख काढून पोरांना कंटाळा आणला, त्याच्या स्वतःच्या दारात अवमंदन संपलेले होते आणि त्याला पत्ता नव्हता! चाकामागे वाकून पाहिले तर शॉकपच्या नळीवर तेल गळून त्यावर धुळीचा काळा चिकटा बसला होता. टायरवरून हात फिरवला तर रबर सारखे झिजलेले नव्हते. मध्ये मध्ये खळगे पडले होते. चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारत होते, त्याची ती खूण. म्हणजे शॉकप झिजला होता आणि त्याची किंमत टायर भरत होता. ब्रेक मारल्यावर गाडी नाक खाली करते, हेही मला तेव्हा आठवले. तो मी तिचा स्वभाव समजत होतो.

हळूहळू बिघडणाऱ्या गोष्टीची हीच मौज आहे. काच फुटली की आपण त्याच दिवशी बदलतो. शॉकप रोज एका केसाएवढा कमी होतो, आणि आपले शरीरही रोज तेवढेच सवयीचे होते. कालच्यापेक्षा आज वाईट असे कोणत्याच दिवशी म्हणता येत नाही. मग एखादा बाहेरचा माणूस शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, ही इतकी का हलते?

याच गणपतीत आमच्या घरी दुसरीही एक गोष्ट घडली. आम्ही तिघे भाऊ. थोरला दादा साताऱ्यात जुन्या घरी, मी त्याच्यापासून दहा मिनिटांवर, धाकटा ठाण्याला. दिवाळी मात्र चाळीस वर्षे जुन्या घरीच, वहिनींच्या हाताखाली. पोराबाळांसह सोळा-सतरा पाने. विसर्जनाच्या संध्याकाळी सगळे दमून बसलो असताना वहिनी निरांजने पुसत म्हणाल्या, "यंदा दिवाळीचं माझ्याकडं धरू नका."

खोलीत असे काही शांत झाले की जणू कोणी पंखा बंद केला. मग सगळे एकदम बोलू लागले. "बरं वाटत नाही का?" "रक्तदाब तपासलात का?" "कोणी काही बोललं का?" धाकट्याने तर तिथल्या तिथे ठाण्याच्या एका डॉक्टरांचे नाव सुचवले. वहिनींना काहीही झालेले नव्हते. त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या, एवढेच. मला काहीतरी समंजस बोलावेसे वाटले, आणि असे वाटले की मी हटकून मूर्खासारखे बोलतो. मी म्हणालो, "वहिनी, तुमच्यासारख्या सोशिक बाईनं असं म्हणावं?"

त्यांनी निरांजन खाली ठेवले. आवाज चढवला नाही. "भाऊजी, ते सोशिक सोशिक आता पुरे करा. तो शब्द ऐकला की मला पुढचं काम दिसतं."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो आणि ते गाडीच्या खडखडीसारखे माझ्या मागे लागले.

दसऱ्याआधीच्या आठवड्यात पुतण्या पुन्हा रजेवर आला तेव्हा आम्ही शॉकप घरीच बदलायचे ठरवले. मजुरी वाचेल, असे मी पत्नीला सांगितले. खरे कारण असे की ती खडखड मला स्वतःच्या हाताने बंद करायची होती. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून त्याने येताना आणले. मी त्याला एकच आणायला सांगितले होते. तेल उजव्याचेच गळत होते, डावा कोरडा होता. तो जोडी घेऊन आला. "एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना लावला तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढेल. जोडीनंच बदलतात," म्हणाला. चांगल्या डाव्याला काढून टाकणे माझ्या जिवावर आले. शिक्षकाच्या पेन्शनीत वाढलेले जिणे चांगली वस्तू टाकीत नाही.

आता येथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. वाचकांनी मास्तरावर दया करावी.

शॉकप हा शब्द इंग्रजीतून गॅरेजमार्गे आपल्याकडे आला. मूळ शब्दाचा अर्थ धक्का शोषून घेणारा. हे नाव चुकीचे आहे. गाडीला बसलेला धक्का प्रथम घेते ती स्प्रिंग. गाडीचे वजनही तीच पेलते. पण स्प्रिंगेला विसरणे ठाऊक नाही. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली तिचा नियम छापून ठेवला: जेवढा दाब तेवढा संकोच. आणि जेवढे घ्यावे तेवढे जवळजवळ सगळे ती परत करते. खड्ड्याने एक दणका दिला की ती तो उलटा देते, मग खाली येऊन पुन्हा देते, आणि तिच्यावर सोडले तर देतच राहते. जशास तसे, हा स्प्रिंगेचा धर्म. तिच्या पोटात किंवा शेजारी जी तेलाने भरलेली नळी असते तिचे काम वेगळे. तिच्यातल्या दट्ट्याला बारीक भोके असतात. गाडी हलली की दट्ट्याला तेलातून वाट काढावी लागते, तेल त्या भोकांतून मोठ्या कष्टाने जाते, आणि हालचालीची शक्ती उष्णतेत मुरते. जूलने १८४० च्या दशकात पाणी घुसळून ते किती तापते हे मोजले, तोच हा प्रकार. वाईट रस्त्यावरून आल्याबरोबर शॉकपला हात लावून पाहा. तो कोमट लागतो. धक्का नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी अंगात ऊब होऊन राहतो.

म्हणून या नळीला धक्का शोषणारी म्हणण्यापेक्षा धक्क्याचा शेवट करणारी म्हणावे. इंग्रज अभियंते तिला म्हणतातही तसेच. धक्का सोसणे आणि धक्का संपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मी मुलांना सूत्रांत शिकवीत होतो. त्याचा अर्थ मला अंगणात पाठीवर पडून, नाकात गंज जात असताना कळू लागला.

जॅक लावून गाडी वर घेतली, ती स्टँडवर बसवली, आणि पुन्हा खाली लाकडी ठोकळे सरकवले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. चाके काढली. ब्रेकची रबरी नळी शॉकपच्या पट्टीतून सोडवली. खाली चाकाच्या सांध्याला धरणारे दोन बोल्ट होते, ते गंजून एकजीव झाले होते. आदल्या रात्री त्यांवर तेल मारून ठेवले होते, तरी पाऊण तास गेला. ते सुटल्यावर सांधा खाली लोंबकळू नये, ब्रेकच्या नळीला ताण पडू नये, म्हणून तो सुतळीने बांधला. मग बॉनेट उघडून वरचे नट सोडले आणि स्प्रिंगेसकट तो खांब हातात आला.

त्याला खांब म्हणतो ते उगाच नव्हे. पूर्वीच्या गाड्यांत, म्हणजे आपल्या फियाटमध्ये, जी काळीपिवळी टॅक्सी होऊन मुंबईत २०२३ पर्यंत धावली तिच्यात, पुढचे चाक धरायला वर एक आणि खाली एक असे दोन बाहू असत, आणि शॉकप फक्त आपले काम करी. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याला स्वस्त, छोट्या गाडीसाठी सुटसुटीत रचना हवी होती. त्याने पाहिले की शॉकप तिथे उभा आहेच. मग वरचा बाहू हवा कशाला? शॉकपच जाड करावा, त्याचे वरचे टोक गाडीच्या अंगाला बांधावे, खालचे चाकाला. मग तोच चाक उभे धरील, तोच स्प्रिंग डोक्यावर घेईल, चाक वळले की तोच स्वतःभोवती वळेल, आणि धक्के संपवण्याचे आपले मूळ कामही करीत राहील. भाग कमी झाले, वजन घटले, इंजिनाला जागा मिळाली. १९५० नंतर ब्रिटनमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांतून ही रचना लोकांपुढे आली आणि पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी ती उचलली. आमच्या मारुतीनेही. कल्पना खरोखर सुंदर आहे. मी तिची निंदा करीत नाही. तिच्यावाचून मास्तराच्या दारात गाडी आली नसती.

पण तो तेलकट खांब मांडीवर घेऊन बसलो असताना माझ्या मनात आले, ही युक्ती आमच्या घराण्यात मॅकफर्सनच्या आधीपासून चालू आहे. जो आधीच उभा आहे, त्याच्यावरच दुसऱ्याचेही काम टाकावे. वहिनी स्वयंपाक करतातच, मग सासूबाईंचे पथ्यही त्यांनीच पाहावे. सासूबाईंजवळ त्या बसतातच, मग रात्रीही त्याच बसतील. सगळे त्यांच्याशी बोलतातच, मग भांडणेही त्यांच्याच ओसरीवर मिटतील. एकेक काम टाकताना आम्ही काही क्रूर नव्हतो. आम्ही काटकसरी होतो. घरातले भाग कमी झाले. आमच्या इंजिनांना जागा मिळाली.

यानंतरचे काम जोखमीचे. खांबावरची स्प्रिंग गाडीतून निघाल्यावरही मोकळी नसते. वरच्या टोकाचा एक नट तिला दाबून धरतो. आधी दोन बाजूंनी आकडे लावून, स्क्रू आवळून स्प्रिंग आखडावी लागते, आणि ती आपल्या बैठकीत सैल झाल्यावरच तो मधला नट सोडायचा. तसे न करता नट सोडला तर स्प्रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. लोकांचे हातपाय आणि क्वचित प्राणही यात गेले आहेत. घरी काम करणाऱ्याजवळ चांगले आकडे आणि पुरता धीर नसेल तर एवढे काम गॅरेजातूनच करून आणावे. हे सगळे मला पाठ होते. तरी एक आकडा आवळून झाल्यावर, दुसरा नीट बसला आहे की नाही हे न पाहता, मी पाना त्या नटावर ठेवला. पुतण्याने माझे मनगट धरले. काही बोलला नाही. आकडा एका वेढ्यावरून घसरलेला होता. स्प्रिंग अगदी स्वस्थ दिसत होती.

माझे हात थोडे कापत होते, म्हणून आम्ही चहासाठी थांबलो. आणि त्या थांबण्यात त्याने मला जे सांगितले ते मी येथे लिहावे की नाही याचा पुष्कळ विचार केला. त्याची परवानगी आहे.

२००४ मध्ये शेताच्या वाटणीवरून दादाचे आणि माझे बिनसले. दोन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. निरोप जात-येत ते वहिनींमार्फत. पुढे आम्ही समेट केला, आणि त्या समेटाचे श्रेय आम्ही दोघांनी आपापल्या मोठेपणाला देऊन टाकले. दिवाळीच्या पंक्तीत मी ते सांगतही असे: वाद झाला, पण शब्दाने शब्द वाढू दिला नाही. पुतण्या तेव्हा चौदा वर्षांचा होता. "काका," तो म्हणाला, "बाबा जे बोलायचे ते आईनं तुम्हाला कधीच सांगितलं नाही. बाबा म्हणाले होते, त्याला म्हणावं माझ्या मेल्या तोंडाला पाणी घालायला येऊ नकोस. आईनं तुम्हाला काय सांगितलं?"

मला आठवत होते. वहिनी म्हणाल्या होत्या, "ते म्हणतात, इतक्यात येऊ नका, थोडे दिवस जाऊ द्या."

"आणि तुम्ही जे बोलायचात, तेही." एवढे म्हणून तो चहा पिऊ लागला. मी काय बोलत असे ते मला ठाऊक आहे.

दोन वर्षे दोन स्प्रिंगा एकमेकींवर दणके देत होत्या, आणि मधल्या तेलात ते मुरत होते. ती ऊब कुठे गेली असेल? त्या वर्षी वहिनींना पित्ताचा त्रास सुरू झाला, आणि मी त्यांना मोरावळा नेऊन दिला होता.

आता प्रश्न असा: सोशिकपणा हा गुण आहे की नाही? आपल्याकडे हा प्रश्नच विचारला जात नाही, इतके त्याचे उत्तर गृहीत आहे. मुलगी दाखवताना तिच्या रंगाबरोबर आणि भरतकामाबरोबर सोशिकपणा सांगत. मृत्युलेखात तर तो हमखास येतो. पुरुषाच्या मृत्युलेखात तो कमी येतो, हेही वाचकांनी पाहिले असेल. पुरुष करारी असतात.

मला तो दोष म्हणवत नाही. सगळ्या स्प्रिंगाच असलेल्या घरात एक दिवसही राहता येणार नाही. प्रत्येक उणा शब्द ज्या घरात तसाच्या तसा परत केला जातो ते घर आमच्या उजव्या कोपऱ्यासारखे डोलत राहते. कोणीतरी तो शब्द आपल्यापाशी थांबवलाच पाहिजे. पण रमाबाई रानड्यांच्या १९१० साली निघालेल्या आठवणी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा विरोध आणि बोलणी त्यांनी सोसली, ती शिकायचे होते म्हणून. सोसण्याच्या पलीकडे त्यांची स्वतःची एक जागा होती, आणि तिथे त्या पोचल्या. लक्ष्मीबाई टिळकांनी रेव्हरंड टिळकांचा लहरी संसार काढला; पण 'स्मृतिचित्रे'त त्यांनी तो सगळा महाराष्ट्राला हसत हसत सांगून टाकला. नवरा केवढा विक्षिप्त होता हे झाकले नाही आणि त्याच्यावरची मायाही झाकली नाही. ज्याला बोलायची मुभा आहे त्याचे सोसणे वेगळे. आणि जिथे सोसणे केवळ वाट्याला आलेले असते, तिथे त्याला गुण म्हणणारा माणूस बहुधा वरच्या पायरीवर बसलेला असतो. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जी माणसे डॉ. आंबेडकरांबरोबर पाणी प्यायला गेली, त्यांच्या पूर्वजांच्या सहनशीलतेची कोणी तक्रार केलेली नव्हती. ती ओंजळभर पाण्याला गेली तेव्हा मात्र पुष्कळांचा तोल गेला.

एवढ्या मोठ्या गोष्टीशेजारी आमची दिवाळी ठेवणे शोभत नाही, हे मला कळते. पण माप तेच आहे, लहान-मोठे एवढेच. सोशिक हे विशेषण आम्ही वहिनींना लावले तेव्हा आम्ही त्यांची स्तुती करीत नव्हतो. त्यांना वंगण घालीत होतो.

उपमा फार ताणू नये. शॉकप लोखंडाचा आहे, त्याला काही वाटत नाही, आणि झिजला की नाना पेठेत दुसरा मिळतो. माणसाच्या बाबतीत हे तिन्ही खोटे. शिवाय शॉकपबद्दल विचार करताना मी एका जागी चुकत होतो. मी सारखा खड्ड्यांना दोष देत होतो. खड्डा रस्त्याचा होता, हे खरे. पण त्यावरून गाडी कोणत्या वेगाने न्यायची हे माझ्या पायात होते. दट्ट्याला होणारा विरोध वेगाबरोबर वाढतो. हळू गेलो असतो तर तोच खड्डा त्याला निम्माही जाणवला नसता. शेताच्या वाटणीचा खड्डा वडिलांनी ठेवला होता. वेग दादाचा आणि माझा होता.

दुपारी उजवी बाजू पुरी झाली आणि आम्ही डावीकडे वळलो. हाताला आता वळण पडले होते, तेव्हा ती तासाभरात निघाली. स्प्रिंग उतरवल्यावर मी सहज डाव्या शॉकपचा दांडा हाताने खाली दाबला. चांगला शॉकप असा दाबला की हट्टी पोरासारखा अडतो आणि सावकाश जातो. हा निम्म्या वाटेपर्यंत लोण्यात सुरी जावी तसा गेला. वर ओढला, तसाच आला. नळी बाहेरून स्वच्छ होती, तेलाचा एक थेंब कुठे नव्हता.

पत्नी रिकामे कप न्यायला आली होती. तिने ते पाहिले. "हा तर चांगला होता ना? याचं तेल गळत नव्हतं म्हणालात."

"नाही गळत."

"म्हणजे न गळताही जातो तर," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

पुतण्या खाली मान घालून नट पुसत राहिला. गेली पस्तीस वर्षे ज्या घरात वहिनींच्या सोशिकपणाचा जयजयकार होतो त्याच घरात दुसरेही एक माणूस राहते, हे मला कोणी याहून थोडक्यात सांगितले नसते. त्या रात्री भांडी मी घासली. ती मला नीट जमली नाहीत, आणि तिने ती सकाळी पुन्हा घासली. हेही लिहून ठेवतो, नाहीतर वाचकांना मी सुधारलो असे वाटायचे.

संध्याकाळपर्यंत सगळे जागेवर बसले. चाकांवर गाडीचे वजन आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा ठरल्या जोराने आवळले. दुसऱ्या दिवशी चाकांची रेघ जुळवून आणली, कारण खांब उतरवून बसवला की चाके थोडी तिरपी होतात आणि टायर पुन्हा खायला लागतात. जुने टायर मात्र तसेच आहेत. त्यांवरचे खळगे शॉकप बदलून भरून येत नाहीत. त्यांचा एक बारीक घुमणारा आवाज गाडी चाळीसच्या पुढे गेली की अजून येतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींना यवतेश्वराला जायचे होते. मी नेतो म्हणालो. घाटात वळणे पुष्कळ, रस्ता पावसाने उकरलेला. मी मुद्दाम सावकाश चाललो होतो. गाडी खड्ड्यातून उतरे, एकदा दबे, आणि गप्प होई. मला वाटले वहिनी काही म्हणतील. त्या खिडकीतून खाली सातारा पाहत होत्या. उतरल्यावर मी शेवटी विचारलेच, "गाडीत काही फरक वाटला का?"

"का? काय झालं होतं तिला?"

मी म्हणालो, "काही नाही." मग थोडे थांबून, "वहिनी, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं. आणि ते शेताच्या वेळचे निरोप, तेही मला परवा कळलं."

त्या पायरीवर बसल्या. पदराने चेहरा पुसला. "कळलं ना? मग झालं." त्या विषयावर त्यांनी यापेक्षा जास्त काही म्हटले नाही, आणि मला ते ओढून काढण्याचा हक्क नव्हता.

परत येताना मी विचारले, "मग दिवाळीला तुम्हाला काय हवं?"

साडी, यात्रा, असे काही उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. वहिनी बराच वेळ विचार करीत होत्या. दोन वळणे गेली. मग अगदी लहान मुलीसारख्या संकोचाने म्हणाल्या, "मला नरकचतुर्दशीला उशिरा उठायचंय."

चाळीस वर्षे त्या दिवशी घरात सर्वांच्या आधी, तीन वाजता, त्या उठत आल्या आहेत. बंब पेटवायचा, तेल कोमट करायचे, उटणे भिजवायचे, पाट मांडायचे, एकेकाला हाक मारायची. आणि सूर्य उगवायच्या आत ज्याची आंघोळ झाली नाही तो नरकात जातो, असे पोरांना दरडावायचे.

"मग नरकात जाल," मी म्हणालो.

"जाऊ दे. तिथं तरी बंब कुणीतरी पेटवलेलाच असेल."

त्या रात्री दादाकडे आम्ही भाऊ बसलो. धाकटा फोनवर होता. फराळ तीन घरांत वाटून घेतला. चकल्या माझ्याकडे आल्या आहेत आणि सोऱ्या कसा फिरवतात हे मी शिकतो आहे. पंगत आमच्या घरी. चतुर्दशीच्या पहाटेचे काम मात्र जुन्या घरीच व्हायचे, बंब तिथे आहे म्हणून. तीन वाजता दादा आणि मी उठणार. लाकडे कुठे असतात हे दादाला माहीत होते. तेलाचा तांब्या मला माहीत होता. सगळे मनासारखे ठरत आले होते.

मग दादा म्हणाला, "उटणं कुठल्या डब्यात असतं?"

मला ठाऊक नव्हते. धाकट्यालाही नव्हते. दादाने सवयीने आतल्या खोलीकडे तोंड वळवून हाक मारायला श्वास घेतला, आणि दिवा मालवलेला पाहून तो तसाच थांबला.